गोळ्या चालू असूनही दादाला आवाज येतात. जोडीला आणखी काय करता येतं?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. केज तालुक्यातला आहे, शेती करतो. प्रश्न थोरल्या भावाबद्दल आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

दादा ३६ वर्षांचा. आयटीआय फिटर. चाकणला कंपनीत चार वर्षं होता. २०१६ च्या उन्हाळ्यात गावाकडं आला तो परत गेलाच नाही. आधी देवऋषी झाले, उतारे झाले, सात गुरुवार झाले. बाहेरचं आहे म्हणून एकानं अकरा हजार घेतले. शेजारच्यांनी भानामती केली म्हणून भांडणं झाली ती वेगळीच. २०१८ ला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं, स्किझोफ्रेनिया म्हणाले. तेव्हापासून गोळ्या चालू. चुकत नाहीत, माय स्वतः तळहातावर देते आणि पाणी पिईपर्यंत उभी राहते. फरक पुष्कळ आहे. शेजाऱ्यांवरचा संशय गेला, जेवण-झोप रांगेला लागली, बैलं बघतो, धारा काढतो.

पण आवाज गेले नाहीत. कमी झाले, गेले नाहीत. दोन आहेत. एक आमच्या आज्जाचा, आज्जा वारलेत. तो म्हणतो, "पाणी सोड." दुसऱ्याला दादा 'सायब' म्हणतो. सायब दिवसभर टोमणे मारतो, "ह्याच्यानं काई व्हायचं न्हाई." मागच्या महिन्यात रात्री दोनला थ्री फेज लाइट आली, दादा उठला, मोटार चालू केली आणि हरभऱ्याला पाणी सोडून आला. चार दिवसांपूर्वीच पाणी झालेलं होतं. अर्धा एकर जास्तीच्या पाण्यानं गेला. पिकाचं जाऊ द्या, पण वस्तीवर विहीर आहे, कठडा नाही, आणि हा रात्रीचा एकटा तिकडं जातो. माय झोपत नाही.

डॉक्टरकडं गेलं की चार तास नंबर, दोन मिनिटं आत. "गोळी वाढवू का?" वाढवली की दिवसभर गुंगीत, लाळ गळते. मग कमी करतात. गोळ्या बंद करायच्या नाहीत एवढं मला कळतं. विचारायचंय ते असं की गोळीच्या जोडीला आवाजांसाठी म्हणून काही करता येतं का? कुणी केलंय का? भावकीतला एक जण दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला धाड म्हणतोय.

मोकळावारा

या गोळ्या म्हणजे उतू जाणाऱ्या पातेल्यावर झाकण ठेवायचा प्रकार. आतलं उकळतच राहतं. आमच्या पाहुण्यांतल्या एका पोरानं सगळी औषधं बंद केली, शिबिर केलं, आज दुकान चालवतो. मन खंबीर पाहिजे. धाडून द्या बिनधास्त.

कच्चीटीप

वरच्या भाऊंना आधी उत्तर देते, मग प्रश्नाकडं वळते.

भाऊ, मीही २०११ मध्ये असंच कुणाचं ऐकून गोळ्या सोडल्या होत्या. पहिले दोन महिने झकास गेले. वजन उतरलं, सकाळी डोळा लवकर उघडायला लागला, नणंद म्हणाली, बघ मी सांगत नव्हते? तिसऱ्या महिन्यात दिवाळी तोंडावर आली. गिऱ्हाइकांची एकवीस ब्लाउजं शिवून, इस्त्री करून ठेवली होती. ती मी एका रात्रीत बसून टाका टाका उसवली, कारण दोऱ्यात काहीतरी आहे असं मला सांगण्यात आलं होतं. मग तीन आठवडे वॉर्डात. त्या दिवाळीची गिऱ्हाइकं अजून परत आलेली नाहीत. आणि दहा दिवसांच्या त्या मौनाच्या शिबिरांचं म्हणाल, तर त्यांच्या स्वतःच्याच नियमावलीत लिहिलंय की गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये. दिवसाला दहा दहा तास डोळे मिटून गप्प बसायचं, बोलायला कुणी नाही. आवाज येणाऱ्या माणसाला यापेक्षा वाईट काय द्याल?

आता बांधावरचे भाऊ. मी लातूरची, शिवणकाम करते. वय सेहेचाळीस. बावीस वर्षं झाली मला आवाज येतात. आत्ता हे लिहितानाही एक बोलायलाय. म्हणतोय, "मोठी शहाणी." बोलू दे.

सगळ्यात आधी एक काम करा, आज रात्रीच. दादाला सरळ विचारा की आज्जा किंवा सायब "विहिरीत उडी मार", "मर" असं काही म्हणतात का. विचारल्यानं तसं डोक्यात भरतं हा गैरसमज आहे. मला पहिल्यांदा कुणी असं विचारलं तेव्हा मी रडले होते, सुटल्यासारखं झालं म्हणून. उत्तर हो आलं तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा, कुणीतरी त्यांच्याजवळ झोपा, फवारणीचं औषध कुलपात घाला, पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस ही सरकारची मानसिक मदतीची हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. उत्तर नाही आलं तरी विहिरीला काट्या तरी लावा.

मग आता माझं.

माझा मुख्य आवाज शिवणक्लासच्या बाईंचा आहे. बाई हयात आहेत, चांगल्या आहेत, मला कधी घालून पाडून बोलल्या नाहीत. पण आवाज त्यांचा. "टीप वाकडी गेली." "पुन्हा उसव." चांगली सरळ टीप असली तरी. गोळ्यांनी बाई मागच्या खोलीत गेल्या, घरातून गेल्या नाहीत. पुष्कळ वर्षं मी एकच गोष्ट करत होते, बाईंना गप्प करायचा प्रयत्न. कानात कापूस, डोकं भिंतीवर, ओरडणं. जेवढं लढावं तेवढ्या बाई चढायच्या.

२०१७ ला पुण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडं गेले. पहिल्या चार बैठका ट्रॅव्हल्सनं जाऊन, पुढच्या फोनवर. तिनं पहिल्या दिवशी औषधाचं काही विचारलं नाही, म्हणाली ते तुमचे डॉक्टर बघतील. तिनं विचारलं, "बाई नेमक्या कधी बोलतात?" मला सांगताच येईना. पंधरा वर्षं सोबत राहून सांगता येईना! मग तिनं वही करायला लावली. ब्लाउजच्या मापाची वही असते ना, तिच्यातच मागून पानं आखली: किती वाजता, काय म्हणाल्या, मी काय करत होते, आवाज दहापैकी किती मोठा.

पंधरा दिवसांनी वही उघडली तर बाई शुक्रवारी जास्त बोलत होत्या. शुक्रवारी माझा एकादशीसारखा कडक उपास असतो, दुपारपर्यंत पोटात काही नाही. रात्री जागरण झालं की दुसऱ्या दिवशी दहापैकी आठ. आणि मशीनवर बसलं की बोलणं सुरू. हे शेवटचं मला उलटं वाटायचं, कारण काम करताना विसर पडतो असं सगळे म्हणतात. मग लक्षात आलं की मी मशीनला मोटार बसवली होती. तिची ती एकसुरी घूंऽऽ. बाई त्या घूंवर बसून यायच्या. पंख्यावर, मिक्सरवर, पाण्याच्या मोटारीवर असं होतं पुष्कळांना. मी मोटार काढून टाकली, पुन्हा पायमशीन. पायमशीनचा आवाज आपल्या पायानं थांबतो आणि आपल्या पायानं सुरू होतो. दिवसाला दोन ब्लाउजं कमी होतात, पण बाई निम्म्यावर आल्या. दादाला विचारा, आज्जा मोटारीच्या आवाजात येतो का? विचाराच.

माझी लेक नर्सिंगला आहे. तिनं शोधून सांगितलं की १९८१ मध्ये तीन इंग्रज मानसतज्ज्ञांनी हे तपासून पाहिलं होतं, थोड्याच पेशंटवर. कानाला वेगवेगळं काही ऐकवून आवाज कशानं कमी होतात ते बघितलं. अर्थ नसलेल्या खरखरीनं आवाज वाढले. सगळ्यात जास्त कमी कशानं झाले? मोठ्यानं वाचण्यानं. वाचून पुन्हा त्यातलं काय वाचलं ते सांगायचं. गुणगुणण्यानंही पुष्कळांना फरक पडतो, आणि काहींना एकाच कानात बोळा घालून. दोन्ही कानांत घालू नका, मग आतलंच तेवढं ऐकू येतं.

मी पेपरातले बाजारभाव वाचते. हसू नका. पोथी वाचून बघितली, पण पोथी पाठ आहे, तोंड चालतं आणि बाईही चालतात. बाजारभाव पाठ होत नाहीत. "लातूर, सोयाबीन, पिवळा, आवक अमुक क्विंटल, किमान, कमाल, सर्वसाधारण." मग तूर, मग हरभरा, मग पेपर पालथा ठेवून आठवायचं की तुरीचा कमाल काय होता. बाईंना सोयाबीनमधलं काही कळत नाही. पाच मिनिटांत थकतात. तुमचे दादा शेतकरी आहेत, त्यांना तर बाजारभावाचं सोयरसुतकही असेल. नाहीतर मोबाइलवर कीर्तन, कोर्टाच्या बातम्या, काहीही, पण त्यात अर्थ असलेलं बोलणं पाहिजे. नुसती खरखर नको.

हे झालं वेळ मारून नेण्याचं. यानं बाई जात नाहीत, त्या तेवढ्यापुरत्या बाजूला होतात. खरं काम हुकाचं झालं.

हुकाची गोष्ट अशी. बाई नुसत्या टोमणे मारत नव्हत्या, हुकूमही सोडायच्या. "खालचा हूक लावलास तर लेकीचं बरंवाईट होईल." म्हणून मी प्रत्येक ब्लाउजचा सगळ्यात खालचा हूक लावत नव्हते. सात वर्षं! गिऱ्हाइकं विचारायची, मी म्हणायचे विसरले हो, द्या इकडं, आणि नवऱ्याकडून लावून घ्यायचे. लेक ठणठणीत होती. मला वाटायचं, मी हूक लावत नाही म्हणून ठणठणीत आहे. सायकॉलॉजिस्टनं "असं काही नसतं" म्हटलं नाही. असं म्हणणारे खूप झाले होते. ती म्हणाली, "बाईंच्या अंगात एवढी ताकद आहे याचा पुरावा काय जमलाय? आणि उलट बाजूचा पुरावा जमायला आपण कधी जागा दिली का?" दिलीच नव्हती. सात वर्षांत एकदाही तो हूक लावून बघितला नव्हता.

तीन बैठका नुसत्या तयारीच्या गेल्या. मग एका मंगळवारी संध्याकाळी सातला मी एक हूक लावला. परक्याच्या नाही, माझ्याच ब्लाउजला. हात असा थरथरत होता की सुई दोनदा बोटात गेली. बाई दहापैकी दहा. लेक तेव्हा हॉस्टेलला. मी तिला फोन करायचा नाही असं ठरलेलं होतं. फोन पुढ्यात ठेवून बसले. सव्वानऊला तिचाच आला, म्हणे, मम्मी, साबुदाणा किती वेळ भिजवायचा?

दुसऱ्या दिवशी दोन हूक. महिन्याभरात सगळे. बाई अजूनही म्हणतात, "खालचा हूक." पण आता ते बसस्टँडवरच्या सूचनेसारखं झालंय, ऐकू येतं, आपल्यासाठी नसतं. आवाजाचं मोजमाप आठाचं चारवर आलं असेल, भीतीचं मात्र दहाचं एकवर आलं. माझ्या मतानं दुसरा आकडा महत्त्वाचा. तुम्ही दादाला "आवाज गेले का?" असं विचारत असाल तर ते बंद करा, त्या प्रश्नाला रोज नापास व्हावं लागतं. "आज किती जड गेलं?" विचारा.

आणि घरच्यांनी काय बोलावं? "कुणी नाहीये तिथं" म्हणू नका. "हो, मलापण आला आवाज" असं खोटंही म्हणू नका. माझा नवरा म्हणतो, "मला येत नाही ऐकू, पण तुला येतंय ते खरंय. काय म्हणायल्यात बाई आज?" एवढ्यानं माझं अर्धं काम होतं. संध्याकाळी सहा ते सव्वासहा मी बाईंना वेळ दिलेला आहे. मधे आल्या तर मनात म्हणते, सहाला या. हे जमायला चार महिने लागले, पहिल्या आठवड्यात होईल असं धरू नका.

एक विचारायचं राहिलं. २०१६ ला तुमच्याकडं काय झालं होतं?

जुनावॉर्ड

कच्चीटीप ताईंनी जे लिहिलंय ते आम्हाला शिकवायला पाहिजे होतं. मी मनोविकार विभागात समाजसेवक म्हणून ३१ वर्षं होतो, आता निवृत्त, परळीत असतो. आम्हाला सुरुवातीला शिकवलं होतं की पेशंटशी आवाजातल्या मजकुराबद्दल बोलायचं नाही, खतपाणी मिळतं. पेशंट सांगायला लागला की आम्ही विषय बदलायचो, "जेवण झालं का?" किती जणांना मी असं जेवणावर आणून सोडलं, आता आठवलं की खजील होतो.

हा विचार बदलायला सुरुवात झाली ती नेदरलँड्समध्ये, १९८७ मध्ये. मारियस रोम नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांची पेशंट पॅट्सी हेग टीव्हीवर आले आणि आवाज येणाऱ्यांनी फोन करा म्हणाले. आवाज येणाऱ्या साधारण ४५० लोकांनी फोन केला, आणि त्यांतले बरेच जण कधी डॉक्टरकडं न जाता आपापला संसार नीट करत होते. मग रोम आणि सँड्रा एशर यांनी हेच विचारायला सुरुवात केली: आवाज पहिल्यांदा आला तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं? ताईंनी शेवटी विचारलंय तेच. त्यातून आवाज येणाऱ्यांचे स्वतःचे गट उभे राहिले.

आवाज येतो कसा, हे थोडक्यात. आपण मनात बोलतो तेव्हा 'हे माझंच' असा शिक्का मेंदू आपोआप मारतो. म्हणून तर स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. ज्यांना आवाज येतात त्यांच्यात हा शिक्का कधी कधी उमटत नाही असं मानतात. २००० मधल्या एका प्रयोगात अशा लोकांना स्वतःचा स्पर्शही दुसऱ्यानं केल्यासारखाच गुदगुल्या करणारा वाटला. आणि आवाज येत असताना मेंदूचं चित्र घेतलं तर बोलण्याचा भाग जागा झालेला दिसला, हे १९९३ मधलं. मोठ्यानं वाचलं की आवाज का दबतो ते यावरून कळेल. एका तोंडानं दोन बोलणी होत नाहीत.

ताईंच्या हुकाच्या उपचाराला सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची बोलण्याची थेरपी, सायकोसिस म्हणजे भास-संशयाच्या आजारासाठी बेतलेली. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेत ती निदान १६ बैठकांची असावी असं आहे, आणि घरच्यांना घेऊन निदान १० बैठका, तीन महिने ते वर्षभरात. हुकूम सोडणाऱ्या आवाजांसाठी तिथं १९७ जणांवर खास चाचणी झाली, निकाल २०१४ मध्ये आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोक दीड वर्षात आवाजाच्या सांगण्यावरून वागले, ही थेरपी जोडलेल्यांपैकी २८ टक्के. आवाज बंद करणं हा हेतूच नव्हता, आवाजाची सत्ता कमी करणं हा होता. तुमच्या आज्जाच्या "पाणी सोड"ला हेच लागू. पण एक सांगून ठेवतो, सीबीटीचा गुण सरासरीनं बेताचाच येतो. काहींना खूप, काहींना काहीच नाही.

लंडनमध्ये जुलियन लेफ यांनी २००८ च्या सुमारास आणखी एक काढलं, अवतार थेरपी. पेशंट आपल्या आवाजाला संगणकावर चेहरा देतो, आवाजही जुळवतो. थेरपिस्ट दुसऱ्या खोलीतून त्या चेहऱ्यातून बोलतो, पेशंट त्याला उत्तर द्यायला शिकतो, आणि बैठकांगणिक तो चेहरा नरमतो. १५० जणांवरच्या चाचणीत १२ आठवड्यांनी ती साध्या समुपदेशनापेक्षा सरस ठरली, २४ आठवड्यांनी मात्र दोन्ही गट सारखेच झाले. आपल्याकडं कुणी करतंय म्हणून सांगितलं तर नीट चौकशी करा. आणि घरी कुणी आज्जा होऊन बोलायचा खेळ अजिबात करू नका, पोरं हौशी असतात म्हणून लिहितो.

यंत्राचे उपचारही आहेत. डाव्या कानाच्या वरच्या भागावर चुंबकाचे हलके ठोके देतात ते आरटीएमएस. कपाळ आणि कानशिलावर पट्ट्या लावून अगदी मंद वीज सोडतात ते टीडीसीएस, २० मिनिटं, दिवसातून दोनदा, पाच दिवस, असं बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत पुष्कळ केलंय. निकाल मिश्र आहेत, टिकाऊपणा कमी. शॉक म्हणजे ईसीटी वेगळी, ती फार अडलेल्या केसमध्ये, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल दिल्याशिवाय द्यायला बंदी आहे. त्याच कायद्यानं साखळीनं बांधायलाही बंदी आहे. योगाचा उपयोग सुस्ती, एकलकोंडेपणा यावर दिसतो, आवाजांवर होईल असं धरू नका.

हा औषधाचा धागा नाही, तरी विचाराच: दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसनं, पुरेसे दिवस देऊन झाली का? झाली असतील आणि आवाज राहिलेच असतील तर डॉक्टरांशी क्लोझापिन या औषधाबद्दल बोला. त्याला रक्ताच्या तपासण्या लागतात. लाळ त्यानंही गळते. आणि दादा बिडी ओढत असेल तर तेही सांगा, धुरामुळं काही औषधांचा अंमल घटतो.

मिळणार कुठं? प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हणाल तर ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, सगळी लांब. पण तुम्हाला मनोरुग्णालय नकोच आहे. बीडला जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम विचारा, अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय तर तुम्हाला शेजारीच. तिथं 'समुपदेशन पाहिजे' म्हणू नका, ते म्हणतील टेन्शन घेऊ नका आणि पाठवून देतील. म्हणा, "आवाजांसाठी सीबीटी करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पाहिजेत, आणि घरच्यांची बैठक." वही घेऊन जा. दोन मिनिटांत वहीचं एक पान डॉक्टरला जे सांगतं ते आपल्याला अर्ध्या तासात सांगता येत नाही.

शेवटी एक, आज्जाच्या आवाजावरून आठवलं. २०१५ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, चेन्नई, घानातलं आक्रा आणि अमेरिकेतलं सॅन मटिओ, प्रत्येक ठिकाणचे २० पेशंट. अमेरिकेतल्यांना अनोळखी, मारा-कापा म्हणणारे आवाज जास्त. चेन्नईतल्यांना घरच्यांचे, आई-बाप-सासूचे, आणि बरेचदा ते घरातली कामं सांगायचे, झाडून घे, अंघोळ कर. मी ते वाचलं तेव्हा हसलो. आपल्याकडं मेल्यावरसुद्धा माणसं कामं सांगायची सोडत नाहीत.

मोकळावारा

एकवीस ब्लाउजांचं वाचलं. पाहुण्यांना फोन केला होता. त्यांचा पोरगा महिन्याला इंजेक्शन घेतो म्हणे, मला माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो.

बांधावरचा

तीन आठवड्यांनी लिहितोय, सोयाबीन विकायच्या गडबडीत होतो.

त्याच रात्री विचारलं. दादा म्हणाला, मर म्हणत नाहीत, सायब पूर्वी म्हणायचा, आता नाही. माय दाराआड उभी राहून ऐकत होती. विहिरीला बोरीच्या काट्या लावल्या. आणि कच्चीटीप ताई, मोटारीचं अगदी बरोबर निघालं. आज्जा मोटारीतच येतो. शेजारच्याची मोटार चालू झाली तरी येतो. सहा वर्षांत आम्ही कुणी हे विचारलं नव्हतं.

बाजारभाव पहिल्या दिवशी वाचायला लाजला. आता मी मोंढ्यातून आलो की दादा मोबाइल हिसकून घेतो आणि मोठ्यानं वाचतो, मायला तुरीचा भाव पाठ झालाय. सायब यानं गप्प बसतो. आज्जा बसत नाही. दादा म्हणाला, आज्जाला भाव समजतो ना.

तुम्ही २०१६ चं विचारलं होतं. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना, ते साल. आमची दीडशे मोसंबीची झाडं होती, आज्जानं लावलेली. विहीर आटली, साडेपाचशे फुटांचं बोअर कोरडं गेलं. दादानं चाकणहून पैसे पाठवायचे आणि आम्ही टँकर टाकायचा असं चालू होतं. एप्रिलमध्ये त्याची कंपनी सुटली, हे त्यानं घरी सांगितलंच नाही. आज्जा बाजेवर पडून रोज फोन लावायचा, "पाणी सोड, झाडं चाललीत." दादा हो म्हणायचा. मे महिन्यात झाडं गेली, पंधरा दिवसांनी आज्जा गेला. कंपनीचं मला या आठवड्यात कळलं. वहीत लिहिलं होतं त्यानं, आवाजाच्या रकान्यात नाही, बाजूला. मायला मी वाचून दाखवलं तर ती म्हणाली, मला वाटलंच होतं. मग दोघं मायलेक गोठ्यात बराच वेळ बसले होते, मी गेलो नाही तिकडं.

अंबाजोगाईत चौकशी केली. सायकॉलॉजिस्ट आठवड्यातून एक दिवस असतात, पुढच्या गुरुवारचा नंबर आहे. वही घेऊन जाणार. क्लोझापिनचंही विचारणार.

स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावायचं दादानं स्वतः सुचवलं, किल्ली मायकडं. परवा रात्री अकराला शेजारची मोटार सुरू झाली. दादा उठून बसला. मी डोळे मिटून पडलो होतो. तो हळूच, पण मोठ्यानं बोलला, "आज्जा, आपली लाइट सोमवारपर्यंत दिवसाची हाय." थोडा वेळ बसला आणि पडला. झोप लागली की नाही माहीत नाही. पण गेला नाही.

कच्चीटीप

सोमवारनंतर लाइटीची पाळी बदलली की तेही आज्जाला खरं सांगायला सांगा. शेतकरी माणूस आहे, खोटं वेळापत्रक लगेच पकडील.

आणि गुरुवारी आत जाताना दादांना पुढं बसू द्या. तुम्ही मागच्या खुर्चीत.